अर्धं राहिलेलं नाटक

(१ जानेवारी १९९४ रोजी आपल्या कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. जे पाडे शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्याच्या बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. नाटकात मला बोलता येतं, कारण तिथे मी फॉरेस्टचा गार्ड असते. टोपी घातली की आवाज आपोआप मोठा होतो. इथे टोपी नाही. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

आज मी एका नाटकवाल्याची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव सफदर हाशमी. दिल्लीचा माणूस. पाच वर्षांपूर्वी, आजच्याच तारखेला, १ जानेवारी १९८९ ला रस्त्यावर नाटक चालू असताना त्याच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी रात्री तो गेला. चौतीस वर्षांचा होता.

ही गोष्ट आजच का सांगायची? कारण मागच्या महिन्यात बाजारात आपल्यासोबत जे झालं ते सगळ्यांच्या मनात आहे, पण सकाळपासून कोणी त्यावर बोलत नाही. जेवताना बोलतात, पाणी भरताना बोलतात, सभेत गप्प. म्हणून मीच काढते.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आपलं पावतीचं नाटक लहान आहे, पंधरा मिनिटांचं. एक म्हातारी वरच्या प्लॉटवर नागली करते. गार्ड येतो, दंड मागतो. ती पैसे देते. गार्ड कोंबडीकडे बघतो, ती कोंबडी पण देते. मग ती हात पुढे करते आणि म्हणते, "सायेब, पावती." एवढंच. पुढचं सगळं नाटक त्या पावतीवर आहे. त्या दिवशी म्हातारीने हात पुढे केला आणि तेवढ्यात सात-आठ माणसं गर्दीत घुसली. "परवानगी आहे का?" म्हणाली. आम्ही तोंड उघडायच्या आत ढोलकी फोडली. ढोलकीवाल्या आपल्या भावाचं मनगट मोडलं. तो इथेच बसलाय, हाताला अजून प्लास्टर आहे. लोक पांगले. भाजीवाल्या बायांनी आपापली टोपली उचलली. आम्ही पण पळालो. मी टोपी तिथेच टाकून पळाले, हे मी लपवत नाही. कोणाची माणसं होती ते तुम्हाला माहीत आहे. तक्रार दिली आहे, म्हणून इथे नाव घेत नाही.

त्यानंतर आपल्यात दोन मतं झाली. मोठी माणसं म्हणतात, पुरे झालं नाटक. अर्ज करा, दाव्यांचे कागद जमवा, कोर्टाच्या तारखा करा. नाटकाने जमीन मिळत नाही. आणि पोरं म्हणतात, पुढच्या बाजाराला काठ्या घेऊन जाऊ, बघू कोण ढोलकी फोडतो. मी दोन्हीकडचं ऐकलं. मला दोन्हीत थोडं थोडं बरोबर वाटतं आणि दोन्हीत काहीतरी कमी वाटतं. काय कमी आहे ते सफदरच्या गोष्टीत मला सापडलं. म्हणून ती नीट सांगते.

सफदरचा जन्म १२ एप्रिल १९५४ चा, दिल्लीचा. लहानपण काही अलीगढला, काही दिल्लीला गेलं. दिल्लीच्या मोठ्या कॉलेजात इंग्रजी शिकला, एम.ए. झाला. म्हणजे आपल्यासारखा नव्हता. आपण बारावीपर्यंत पोचलो तरी पाड्यावर लोक पेपर वाचून घ्यायला येतात. त्याला साहेब व्हायला काही अडचण नव्हती. काही वर्षं त्याने कॉलेजात शिकवलं, दिल्लीत, गढवालला, काश्मीरला. पुढे पेपरच्या कामातही होता. मग बंगाल सरकारच्या दिल्लीतल्या ऑफिसात माहिती अधिकारी होता. ती नोकरी त्याने सोडली आणि पूर्णवेळ पक्षाचं आणि नाटकाचं काम घेतलं. तो कम्युनिस्ट पक्षाचा कार्यकर्ता होता, लाल झेंड्याचा, हे पण सांगायला पाहिजे. काही लोक त्याला नुसता कलाकार म्हणतात आणि झेंडा पुसून टाकतात. त्याने स्वतः कधी पुसला नाही.

१९७३ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दिल्लीत जन नाट्य मंच काढला. त्याला थोडक्यात 'जनम' म्हणतात. सुरुवातीला हे लोक मोठी नाटकं करायचे. मोठं नाटक म्हणजे स्टेज, पडदे, दिवे, सामान न्यायला गाडी. युनियनवाले बोलवायचे आणि खर्च करायचे. मग आणीबाणी आली. १९७७ ला ती उठली तेव्हा युनियनांकडे पैसाच नव्हता. मोठं नाटक बोलावणं कोणालाच परवडेना. आता काय करायचं? घरी बसायचं? त्यांनी उलटा विचार केला. मोठं नाटक लोकांपर्यंत नेता येत नाही ना, मग लहान करू. ना स्टेज, ना पडदा, ना दिवा. चार-सहा माणसं, दहा-पंधरा मिनिटं, लोक भोवती गोल उभे.

आपल्याला यात नवल वाटत नाही. तारपा नाचाला कुठे स्टेज लागतं? तारपावाला मध्ये, नाचणारे भोवती. बोहाड्यात सोंग गर्दीतूनच नाचत येतं. पण शहरातल्या शिकलेल्या लोकांना ते तेव्हा नवं होतं. जे आपल्या अंगणात आधीपासून आहे ते त्यांना अडचणीतून सापडलं.

आता पहिल्या नाटकाची गोष्ट. ही नीट ऐका, कारण आपल्या पावतीच्या नाटकाचं मूळ मला हिच्यातच दिसतं.

दिल्लीला लागून गाझियाबाद आहे, कारखान्यांचं गाव. तिथल्या एका कारखान्यात कामगारांनी दोन गोष्टी मागितल्या होत्या. एक, सायकल ठेवायला जागा द्या. दोन, चहापाण्याला कँटीन द्या. मालकाने दिलं नाही. कामगार उठले. कारखान्याच्या पहारेकऱ्यांनी गोळीबार केला आणि सहा कामगार मेले. सायकल ठेवायची जागा आणि एक कप चहा, त्याच्यासाठी सहा माणसं.

ही हकीकत या नाटकवाल्यांच्या कानावर आली. त्यातून १९७८ साली त्यांनी 'मशीन' हे नाटक केलं. जेमतेम तेरा मिनिटांचं. काही माणसं एकमेकांना लागून उभी राहतात, हात हलवतात, तोंडाने खटखट आवाज काढतात. माणसांचीच मशीन तयार होते. ती चालते, चालते आणि एकदम बंद पडते. मग विचारणारा विचारतो, काय झालं, मशीन का थांबली? आणि त्या मशीनमधूनच मजूर बाहेर येतो, मालक बाहेर येतो, गार्ड बाहेर येतो. हो, त्यांच्या नाटकातही गार्ड आहे. मी ते ऐकलं तेव्हा मला हसू आलं.

हे नाटक दिल्लीत देशभरातून आलेल्या हजारो कामगारांसमोर झालं. लोकांना ते इतकं आपलं वाटलं की काहींनी ते टेपवर भरून घरी नेलं आणि आपापल्या भाषेत केलं. त्यांना कोणी नाटक शिकवलं नव्हतं. सायकलची गोष्ट त्यांची स्वतःचीच होती.

मला इथे काय सांगायचंय? सफदर मोठ्या कॉलेजात शिकला होता. पाहिजे तर देशाचं, जगाचं मोठं मोठं बोलू शकला असता. पण त्याने सायकल ठेवायची जागा ऐकली. लहान मागणी लहान नसते हे त्याला कळलं. मालक सायकलीला जागा देत नाही, कारण एकदा जागा दिली की कामगाराने मागावं आणि मालकाने द्यावं असं होतं. तेच मालकाला नको असतं.

आता आपली पावती बघा. तेच १९७८ साल. तिकडे दिल्लीत 'मशीन' चालू होतं आणि इकडे डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने ठराव काढला की ३१ मार्च १९७८ पर्यंत कसलेली जंगलजमीन नियमित करून देऊ. कागदावर निघाला. आपल्याला कधी कळला? कित्येक पाड्यांना कितीतरी वर्षांनी. आणि कळला तेव्हा साहेब म्हणाले, पुरावा दाखवा. पुरावा कुठला? दंडाची पावती. आमच्या बापाने दंड भरला, आजाने दंड भरला, कोंबड्या दिल्या, तूप दिलं, फुकट काम केलं. पावती कोणी दिली नाही. ज्या पाड्यावर एखाद्या म्हातारीने तो कागद डब्यात घालून कुडाला खोचून ठेवला, त्यांच्याकडे आज निदान दाखवायला काहीतरी आहे. जिथे नाही तिथले लोक आपल्याच शेतात चोर ठरले.

म्हणून नाटकातली म्हातारी हात पुढे करते तेव्हा कोणाला तरी ढोलकी फोडावीशी वाटते. पंधरा मिनिटांच्या नाटकाला सात-आठ माणसं पाठवावी लागली. नाटकाने काही होत नाही म्हणता, मग त्यांना एवढी भीती कसली?

पुढे सांगते. 'जनम'ने मग दहा वर्षांत पुष्कळ नाटकं केली. कारखान्याच्या गेटवर, वस्तीत, चौकात, कॉलेजात. दिल्लीत बसचं भाडं वाढलं तेव्हा काही तासांत नाटक रचलं आणि बसथांब्यावर जाऊन केलं. १९७९ साली बायांच्या प्रश्नावर 'औरत' केलं. घरात राबणारी, कारखान्यात राबणारी, शिकायला निघालेली अशी बाई त्यात आहे. ते त्यांनी हजारो वेळा केलं. त्यात काम करायची मलयश्री, म्हणजे सफदरची बायको. तिच्याबद्दल पुढे सांगते.

इथे एक माझ्या मनातलं बोलते. मी गार्डचं काम करायला लागले तेव्हा आमच्या पाड्यावर बोलणं झालं. पोरगी टोपी घालते, ओरडते, बाजारात नाचते, हिचं लग्न कसं होणार. तारप्यावर रात्रभर पोरी नाचतात त्याला कोणी बोलत नाही. पण पोरगी चार लोकांत प्रश्न विचारते त्याला बोलतात. 'औरत'बद्दल कळलं तेव्हा मला धीर आला. शहरात पण हेच असतं.

सफदर नुसती नाटकंच करत नव्हता. गाणी लिहायचा, पोरांसाठी कविता लिहायचा, पोस्टर काढायचा. कष्ट करणाऱ्यांनी लिहा-वाचायला शिकावं यावर त्याचं गाणं आहे, ते पुढे साक्षरतेच्या कामात लोक म्हणायला लागले. १९८८ ला त्याने हबीब तन्वीर यांच्यासोबत प्रेमचंदांच्या कथेवर स्टेजचं नाटकही केलं. हबीब तन्वीर म्हणजे छत्तीसगढच्या खेड्यातल्या कलाकारांना घेऊन नाटक करणारे. म्हणजे सफदरला स्टेज वाईट वाटायचं असं नाही. जिथे जे लागेल ते तो करत होता.

१९८८ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या आसपासच्या कामगारांनी सात दिवसांचा संप केला. किमान वेतन आणि दुसऱ्या मागण्या होत्या. संपाच्या तयारीला 'जनम'ने 'चक्का जाम' नावाचं नाटक केलं. संप झाल्यावर त्यातच बदल करून 'हल्ला बोल' तयार केलं. तेच नाटक घेऊन १ जानेवारी १९८९ ला, रविवारी, ते गाझियाबादजवळ साहिबाबादला, झंडापूर नावाच्या गावात गेले. कामगार वस्ती. नगरपालिकेची निवडणूक होती आणि लाल झेंड्याच्या उमेदवाराला पाठिंबा म्हणून नाटक होतं.

नाटक सुरू झालं. लोक गोल करून उभे. तेवढ्यात विरोधी बाजूचा उमेदवार आपली माणसं घेऊन आला. आम्हाला इथूनच जायचंय म्हणाले. सफदर पुढे गेला आणि शांतपणे म्हणाला, नाटक संपेपर्यंत जरा थांबा, नाहीतर दुसऱ्या रस्त्याने जा. शिवी दिली नाही, हात उचलला नाही. ते गेल्यासारखे झाले आणि लोखंडी सळया, काठ्या घेऊन परत आले. बंदूकही होती. लोक पळाले. नाटकवाले युनियनच्या ऑफिसात शिरले. बाकीच्यांना मागच्या भिंतीवरून निसटता यावं म्हणून सफदर दार धरून मागे राहिला, असं त्याच्या सोबत्यांनी नंतर सांगितलं. त्याला गाठून डोक्यात सळयांनी मारलं. २ तारखेच्या रात्री दवाखान्यात तो गेला.

त्याच दिवशी तिथे आणखी एक माणूस मेला. त्याचं नाव राम बहादूर. नेपाळातून कामाला आलेला मजूर, कारखान्यात काम करायचा. त्याला गोळी घातली. सफदरचं नाव देशभर झालं. राम बहादूरचं नाव किती जणांना माहीत आहे? आज सकाळी भिंतीवर सफदरचं चित्र लावलं तेव्हा मी आपल्या ताईंना विचारलं, दुसऱ्याचं नाव कुठे आहे? मग आपण खाली कोळशाने लिहिलं. दिसतंय ना? राम बहादूर. सफदर असता तर त्याने पण लिहिलं असतं असं मला वाटतं, कारण तो राम बहादूरसारख्यांसाठीच तिथे गेला होता.

हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. आपल्याच ठाणे जिल्ह्यात तलवाड्याला १० ऑक्टोबर १९४५ ला वारल्यांवर गोळीबार झाला. वेठबिगार आणि लग्नगडी याच्या विरुद्ध लोक उठले होते. जमीनदारांनी खोटा निरोप फिरवला, लोक त्यांच्या गोदाराणीसाठी जमले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण मेले. त्यातला जेठ्या गांगड आपल्याला माहीत आहे. बाकीच्यांची नावं आपल्यातले किती जण न अडखळता सांगतील? मी पण नाही सांगू शकत. लाज वाटते मला. आपली माणसं मेली की आकडा होतात. म्हणून नाव घ्यायची सवय लावली पाहिजे. घरी गेल्यावर ती नावं ज्या म्हाताऱ्यांना आठवत असतील त्यांच्याकडून लिहून घ्यायची. हे काम पण नाटकवाल्यांचंच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ३ जानेवारीला दिल्लीत सफदरची अंत्ययात्रा निघाली. हजारो लोक चालले. लेखक, नट, कामगार, विद्यार्थी. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ जानेवारीला, 'जनम'ची माणसं परत झंडापूरला गेली. त्याच जागी. 'हल्ला बोल' जिथे मोडलं होतं ते नाटक त्यांनी तिथे पूर्ण केलं. मलयश्रीने त्यात काम केलं. नवरा जाऊन दोन दिवस झाले होते.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ही बाई दगडाची आहे की काय. आपल्याकडे माणूस गेला की दिवस पाळतात, बाई घरातून हलत नाही. मग मी खूप विचार केला. ती नाटक करायला गेली म्हणजे तिला दुःख नव्हतं असं नाही. पण ते अर्धं नाटक तिथे तसंच पडून राहिलं असतं तर त्या गावातल्या लोकांच्या मनात शेवटचं चित्र काय राहिलं असतं? मारणारे आले आणि नाटकवाले पळाले. ते चित्र पुसायचं होतं.

आणि पोरांनो, आता तुम्ही ऐका. ते ४ तारखेला काठ्या घेऊन गेले नाहीत. आणि एकटे पण गेले नाहीत. हजारो कामगार सोबत आले होते. त्या दिवशी कोणाची हिंमत झाली नाही. काठीने नाटक वाचलं नाही, माणसांनी वाचवलं.

मग आपल्याकडे काय कमी पडलं ते बघा. बाजारात आम्ही सात जण गेलो होतो. सात पोरं, एक ढोलकी. बाकीचे पाडे बाजारात होतेच, पण मीठ-मिरची घेत होते. नाटक पोरांचं, आपण बघणारे, असं सगळ्यांना वाटत होतं. आम्ही पण कोणाला सांगितलं नव्हतं की आमच्या पाठीशी उभे राहा. चूक दोन्हीकडची झाली. मोर्चाला जाताना आपण पाड्यापाड्यावर निरोप देतो, किती माणसं, किती भाकरी, सगळं ठरवतो. नाटकाला तसं काही केलं नाही, कारण नाटक म्हणजे करमणूक असं आपणच धरलं होतं.

मोठ्या माणसांचं म्हणणं पण मी सोडलेलं नाही. कागद पाहिजेच. दंडाच्या पावत्या, पंचनामे, जुन्या केसचे कागद, समन्स, म्हाताऱ्यांचे जबाब, हे सगळं जमवल्याशिवाय दावा उभा राहत नाही. पण आठवून बघा, मागच्या पावसाळ्याआधी आपण तीन पाड्यांवर नाटक केलं, तेव्हा काय झालं? नाटक संपल्यावर एक आजी घरात गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात चार पावत्या होत्या, एक तर तिच्या सासऱ्याच्या नावाची. तिच्या घरात कार्यकर्ते दोन वेळा अर्ज भरायला जाऊन आले होते. तेव्हा ती म्हणाली होती, काही कागद नाय. खोटं बोलत नव्हती. तो मळका चिटोरा म्हणजे कागद असतो हे तिला नाटकातल्या म्हातारीने सांगितलं. नाटकाने जमीन मिळत नाही हे खरं. पण नाटकाने डबा उघडला.

सफदरच्या खुनाचा खटला अजून चालू आहे. पाच वर्षं झाली, निकाल नाही. आपल्या दाव्यांना पण तारखा पडतात. कोर्टाचं काम चालू ठेवायचं, तारीख चुकवायची नाही. पण कोर्टाची वाट बघत कोणी नाटक थांबवलं नाही. त्याच वर्षी १२ एप्रिलला, सफदरच्या जन्मदिवशी, देशभर हजारो ठिकाणी लोकांनी रस्त्यावर नाटकं केली. तो दिवस आता पथनाट्याचा दिवस म्हणून पाळतात. एका माणसाला मारून नाटक बंद करायला गेले आणि नाटकं वाढली.

मी सफदरला देव करायला सांगत नाही. भिंतीवरचं चित्र पावसात खराब होईल. त्याला हार घालून आपण घरी गेलो तर त्याचा काही उपयोग नाही. त्याच्याकडून आपण तीन साध्या गोष्टी घ्यायच्या. लहान मागणी नीट ऐकायची. सोबत असेल त्या सगळ्यांची नावं घ्यायची. आणि मोडलेलं काम, जिथे मोडलं तिथेच जाऊन पूर्ण करायचं.

म्हणून माझं म्हणणं असं. आज संध्याकाळच्या बैठकीत यावर ठराव करू, तुम्ही हात वर केलेत तर.

येत्या बाजाराच्या आधीच्या बाजाराला कोणी काही करायचं नाही, नुसता निरोप फिरवायचा. प्रत्येक पाड्यावरून निदान दहा माणसं, त्यात निम्म्या बाया. काठी कोणी आणायची नाही. ज्याच्याकडे दंडाची पावती आहे त्याने ती आणायची, पण मूळ कागद घरी ठेवायचा, झेरॉक्स आणायची. झेरॉक्सचा खर्च संघटना करेल. बाजारात त्याच जागी, चिंचेखाली, नाटक होईल. परवानगीचा अर्ज आपण आधी देऊ, पोच घेऊ आणि पोचेची प्रत खिशात ठेवू. परवानगी आहे का म्हणून विचारलं तर कागद दाखवायचा. बघा, आपण पण पावती घ्यायला शिकलो.

नाटक पहिल्यापासून करायचं नाही. जिथे थांबलं तिथून करायचं. म्हातारी हात पुढे करेल आणि म्हणेल, "सायेब, पावती." आणि त्या वेळी गोलात उभ्या असलेल्या ज्यांच्याकडे पावती आहे त्या सगळ्यांनी ती वर धरायची. ज्यांच्याकडे नाही त्यांनी रिकामा हात वर करायचा. त्यांचा हात जास्त महत्त्वाचा आहे.

ढोलकी नवी आणली आहे. आमच्या भावाला अजून वाजवता येत नाही, म्हणून दुसरा मुलगा वाजवेल आणि हा बाजूला बसून त्याला ताल सांगेल. काल दोघांनी तयारी केली. टोपी हरवली, ती माझी मी नवी शिवली आहे.

मला भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. त्या दिवसापासून बाजारात मोठ्याने कोणी बोललं तरी मला दचकायला होतं. पण अर्धं नाटक बाजारात तसंच पडून आहे, आणि दर बाजाराला आपण त्याला वळसा घालून मीठ आणायला जातो. हे मला आता सहन होत नाही.

सफदर हाशमी यांना जिंदाबाद. राम बहादूर यांना जिंदाबाद. जेठ्या गांगड आणि त्याच्यासोबत पडलेल्या चौघांना जिंदाबाद.

जंगल जमीन आमच्या हक्काची.

आता हात वर करा, मोजायला मी खाली येते.